नेव्हीवाल्या काकांची ट्रंक : कागद लावायचे कसे

पावसाळ्यात ट्रंक उघडू नका, हे सगळ्यात आधी. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर साईडला जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते, आणि वर्षानुवर्षं बंद असलेली पत्र्याची ट्रंक त्या हवेत उघडली की आतले कागद पापडासारखे सादळतात, फोटो एकमेकांना चिकटतात, मग ओढून काढताना चेहराच निघून येतो. दसरा होऊ द्या, हवा कोरडी पडू द्या, तोवर ट्रंक माळ्यावरून खाली आणून जमिनीपासून वर, पाटावर ठेवा म्हणजे वाळवी तरी लागणार नाही.

आमचे थोरले काका नेव्हीच्या विमानदळात होते, १९६५ ला कमिशन मिळालं (म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाली), कमांडर होऊन रिटायर झाले आणि परत गावातच येऊन राहिले. ते गेल्यावर ती काळी ट्रंक माझ्याकडे आली, पांढऱ्या पेंटने नाव आणि पर्सनल नंबर लिहिलेली. आणि मी पहिल्याच दिवशी जी चूक केली ती तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

मी काय केलं, सगळं सोप्यात सतरंजीवर ओतलं आणि फोटो एकीकडे, पत्रं एकीकडे, सर्टिफिकेटं एकीकडे असे ढीग लावायला बसलो. काकू आतून आली आणि म्हणाली, "हे काय करालास गा, त्यांनी लावून ठेवलेलं सगळं इस्कटलास की!" आणि खरंच तसं झालं होतं. एका खाकी पाकिटात १९६८ च्या एकाच आठवड्यातलं एक पत्र, एक फोटो, मेसचं बिल आणि रेल्वेचं तिकीट असं एकत्र होतं, म्हणजे ते सुट्टीला घरी आले होते तो आठवडा, आणि मी त्याचे चार ढिगांत चार तुकडे केले. फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो कुठला हे आता कधीच कळणार नाही.

त्यामुळे ओतायचं नाही. वरचा थर मोबाईलने फोटो काढून मगच उचलायचा, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलने नंबर टाकायचा (पेन नको, शाई उतरते), आतलं आतच ठेवायचं. माणसाने स्वतः जे एकत्र ठेवलं ते एकत्रच राहू द्यायचं, आपल्याला ते कितीही गबाळं वाटो.

एक गोष्ट मात्र लगेच वेगळी काढायची, ती म्हणजे चालू कागद. पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर), ईसीएचएस कार्ड (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं), स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचा लॉगिन कुठे लिहून ठेवला असेल ती चिठ्ठी, बँकेचं पासबुक, डेथ सर्टिफिकेट, जमिनीचे उतारे. हे इतिहासाचे कागद नाहीत, काकूच्या औषधाचे आणि दूधवाल्याच्या बिलाचे कागद आहेत. यांची प्लास्टिकची वेगळी फाईल करा, दोन झेरॉक्स मारा आणि फाईल काकूच्या कपाटात ठेवा, तुमच्या नाही. पीपीओवरचं काकूचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आजच बघा. आमच्यात लग्नात नाव बदलायची पद्धत होती, पीपीओवर एक नाव आणि आधारवर दुसरं, आणि हे फॅमिली पेन्शन सुरू करताना कळलं की मग सैनिक कल्याण खात्याच्या आणि बँकेच्या चकरा काय असतात ते कळतं.

आता आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरची खास गंमत. काकांचा जन्म १९४४ चा, त्या दाखल्यावर मुंबई इलाखा. कॉलेजच्या कागदांवर मैसूर राज्य, कारण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण तिकडे गेलो. १९७३ नंतरच्या कागदांवर कर्नाटक. २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं. माणूस एक, गाव एक, घरसुद्धा तेच, पण कागद बघणाऱ्या दिल्लीच्या माणसाला वाटावं की हा चार ठिकाणी राहिला. त्यात शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, नेव्हीचं सगळं इंग्रजीत, आणि आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं. जुन्या कागदावर खाडाखोड करून "बरोबर" करायला जाऊ नका, हात जोडतो. एका कोऱ्या कागदावर कुठल्या सालात कुठलं राज्य आणि कुठलं स्पेलिंग हे लिहून पहिल्या फाईलला वरच लावा, सरकारी कामाला लागलं तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अफिडेव्हिट करून घ्या.

आता खरा माल, लॉगबुक. विमानातल्या माणसाची प्रत्येक फ्लाईट त्यात असते, तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, सोबत कोण, काम काय, दिवसाचे तास वेगळे, रात्रीचे वेगळे, आणि महिन्याच्या शेवटी टोटल मारून स्क्वाड्रनच्या साहेबाची सही. माझं स्पष्ट मत आहे की बाकी सगळे कागद या वहीला लटकवायचे. पत्रावर तारीख नाही? पत्रात "परवा रात्री उशिरापर्यंत उडत होतो" असं असेल तर लॉगबुकात रात्रीचा कॉलम बघा. मी अशी नऊ पत्रं लावली. पहिलं काम म्हणजे लॉगबुकवरून एका साध्या वहीत सालवार यादी करा, कुठल्या महिन्यात कुठे आणि कुठल्या विमानावर, बस, हीच तुमची चावी.

लॉगबुक गावातल्या गप्पांना पण जागेवर आणतं. आमच्याकडे सगळे काकांना पायलट म्हणायचे, लॉगबुक म्हणतं ऑब्झर्व्हर. ते अलीझे विमानावर होते, पाणबुडी शोधायचं फ्रेंच विमान, तीन जणांचं, त्यात पायलट विमान चालवणार आणि रडार, नेव्हिगेशन, शोध हे ऑब्झर्व्हरकडे. त्यात कमीपणा कसला आलाय, उलट अख्खी शिकार त्याच्या डोक्यावर. दुसरी गप, "पासष्टच्या लढाईत विक्रांतवरून गेले होते", विक्रांत म्हणजे नेव्हीचं विमानवाहू जहाज. पासष्टला विक्रांत मुंबईत गोदीत दुरुस्तीला होती, आणि काका तेव्हा नुकतेच कुठे पास होऊन बाहेर पडलेले. एकाहत्तरचं मात्र खरं. ४ डिसेंबर १९७१ पासून विक्रांतवरच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले, त्या महिन्याचं पान उघडलं तर अक्षर एकदम बारीक आणि घाईचं झालंय, टोटलच्या रकान्यात दोनदा खाडाखोड. ते पान मी काकूला दाखवलं तर तिने नुसता हात फिरवला आणि चहा टाकायला उठली.

नावांचा एक सापळा सांगतो ज्यात सगळे पडतात. नेव्हीत किनाऱ्यावरच्या तळालाही आयएनएस म्हणतात. त्यामुळे "हंसावर होते" म्हणजे जहाजावर नाही, गोव्यात दाबोळीला होते. त्यातही १९६४ च्या आधीच्या कागदावर हंसा असेल तर ते दाबोळी नाहीच, तेव्हा हा तळ कोइमतूरजवळ सुलूरला होता. गरुडा म्हणजे कोचीन. आणि विक्रांत पण दोन आहेत, जुनी १९६१ ते १९९७, नवी २०२२ ची, पुढच्या पिढीला घोळ होणारच, म्हणून यादीत "जुनी विक्रांत" असंच लिहा.

फोटोंवर तारीख नसेल तर बाहीवरच्या किंवा खांद्यावरच्या पट्ट्या मोजा. एक म्हणजे सब लेफ्टनंट, दोन म्हणजे लेफ्टनंट, दोन जाड आणि मध्ये एक बारीक म्हणजे लेफ्टनंट कमांडर, तीन म्हणजे कमांडर. बढतीच्या तारखा कागदात असतातच, की फोटो आपोआप दोन सालांच्या मध्ये येऊन बसतो. छातीवर "पूर्वी स्टार" किंवा "पश्चिमी स्टार" या मेडलची रिबन असेल तर फोटो एकाहत्तरच्या लढाईनंतरचा. मागे उभं विमान सी हॅरियर (नेव्हीचं लढाऊ जेट) असेल तर १९८३ च्या अखेरीनंतरचा. जुन्या विक्रांतच्या डेकचं टोक सपाट असेल तर जुना फोटो, वर वळलेलं असेल तर ऐंशीच्या दशकातल्या बदलानंतरचा. हे सगळं मी रविवारच्या दुपारी भिंग घेऊन केलं, क्रिकेट बघण्यापेक्षा मजा आली.

घरची पत्रं विसरू नका, माझ्या मते त्यातच जास्त जीव आहे. आमच्या आजोबांची पोस्टकार्डं फ्लीट मेल ऑफिस (नेव्हीचं टपाल ऑफिस), मुंबई या पत्त्यावर जायची, अर्धी मोडीत लिहिलेली. मोडी वाचणारं म्हातारं माणूस गावात अजून असेल तर त्यांच्याकडे आधी जा, ट्रंक थांबेल, ते थांबणार नाहीत. आमच्या एका कार्डात नुसतं आहे, भात कापून झालं, वास्कोची गाडी लोंढ्याला किती वाजता येते ते कळव म्हणजे बैलगाडी घेऊन येतो.

आता नाजूक विषय. ट्रंकेत गोपनीय असा शिक्का असलेलं काही निघालं, मॅन्युअल, चार्ट, चौकशीचा रिपोर्ट, तर स्कॅन नको, फॅमिली ग्रुपवर तर अजिबात नको. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स कायदा अजून चालू आहे. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने साधारण २५ वर्षांनी कागद खुले करायचं धोरण आणलं हे खरं, पण खुलं झालं की नाही हे ठरवायचं काम त्यांचं, तुमचं नाही. पाकीट बंद करा, वर तारीख लिहा आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण ऑफिसात जाऊन ते नेव्हीकडे परत कसं द्यायचं ते विचारा.

सांभाळायचं कसं ते थोडक्यात. स्टेपलर पिना आणि टाचण्या गंजतात, हळूच काढा. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर कधीच नको, राष्ट्रपतींच्या नावाचं कमिशन प्लास्टिकमध्ये वितळवून ठेवलेलं मी एका घरात बघितलंय, आता ते काढताच येत नाही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नसतील तर दात साफ करायचा दोरा मागून सरकवा, तरी नाही निघाले तर पानासकट ठेवा. ओलसर कागद सावलीत पंख्याखाली वाळवायचे, उन्हात नाही. डांबराच्या गोळ्या फोटोजवळ नकोत, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. मेडल ब्रासोने घासू नका, कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो तो झिजतो.

स्कॅन कागदांना ३०० डीपीआय, फोटोंना ६००, लॉगबुकची कोरी पानंसुद्धा घ्या. एक कॉपी घरात, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे.

आणि पुढे कुणाला द्यायचं असेल तर विचार करून द्या. वास्कोजवळ बोगमाळो रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे अलीझे प्रत्यक्ष उभं आहे, चोर्ला घाटाने सकाळी निघालात तर संध्याकाळी परत. मुंबईत मेरिटाईम हिस्टरी सोसायटी आहे, व्हाईस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींनी १९७८ मध्ये सुरू केलेली. दिल्लीत नॅशनल आर्काइव्ह्ज खासगी कागदपत्रं घेतं. कुठेही दिलंत तरी आधी यादी, मग पत्रव्यवहार, मग लेखी पोच, आणि मूळ लॉगबुक देण्याआधी घरातल्या सगळ्यांची संमती. आमच्याकडे काकूने लॉगबुकला अजून हो म्हटलेलं नाही, त्यामुळे ते सध्या तिच्याच कपाटात आहे, पीपीओच्या फाईलवर ठेवलेलं.