जुनी टू-स्ट्रोक क्वाड घेताना, चालवताना आणि सांभाळताना

मिशिगनमध्ये मोटार उद्योगाच्या निमित्ताने आलेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना कधीतरी सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्या पाहायला मिळतात आणि त्यांतल्या काहींना स्वतःची क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची जाड टायरांची चारचाकी गाडी, घ्यावीशी वाटू लागते. नवी गाडी घ्यायची म्हटले तर ती फोर-स्ट्रोकच मिळते, कारण अमेरिकेत अशा वाहनांसाठी धुराचे कडक नियम २००६ पासून लागू होऊ लागले आणि त्याच सुमारास यामाहाच्या ब्लास्टर आणि बॅन्शी या दोन्ही टू-स्ट्रोक क्वाड तिथल्या बाजारातून गेल्या. त्यामुळे टू-स्ट्रोक हवी असेल तर जुनी गाडीच घ्यावी लागते आणि जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाने केलेले सगळे बरेवाईट बदलही आपल्याकडे येतात. मी ब्लास्टर चालवतो आणि तिची देखभाल स्वतः करतो. नव्याने या गाडीकडे वळणाऱ्याला ज्या गोष्टी आधी ठाऊक असायला हव्यात, त्या इथे लिहीत आहे.

ब्लास्टर ही १९८८ ते २००६ या काळात विकली गेलेली, १९५ सीसीची, एका सिलिंडरची, हवेने थंड होणारी, सहा गिअरची आणि किकने सुरू होणारी गाडी आहे. तिला रिव्हर्स गिअर नाही. बॅन्शीला ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. ते यामाहाच्या आरडी घराण्यातले असल्यामुळे त्याच घराण्यातली राजदूत ३५० पाहिलेल्यांना तिच्याविषयी आपलेपणा वाटणे साहजिक आहे, परंतु नवख्याने बॅन्शीपासून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिची ताकद फार अचानक येते आणि इंजिनकामाचा खर्चही दुप्पट होतो. ब्लास्टरचे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये, साध्या हत्यारांनी, एका दिवसात उघडून पुन्हा जोडता येते आणि शिकणाऱ्यासाठी हा फार मोठा गुण आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात ऑइल तळाशी साठलेले असते आणि तिथून ते फिरत राहते. टू-स्ट्रोकमध्ये तसा साठा नसतो. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या बंद भागात, शिरते, क्रँकची बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके आणि सिलिंडरची भिंत ओली करते आणि मग वर जाऊन जळते. याचा अर्थ असा की इंजिनापर्यंत जेवढे इंधन पोहोचते, त्यावरच त्याला मिळणारे वंगण आणि बराचसा थंडावाही अवलंबून असतो. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक छिद्राचा भाग), एअर फिल्टर, झिजलेले सील, उतारावरची चालवण्याची पद्धत, हे सगळे वेगवेगळे विषय वाटले तरी टू-स्ट्रोकमध्ये ते शेवटी पिस्टनला ऑइल पुरेसे मिळते की नाही, या एकाच प्रश्नाशी येऊन मिळतात. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की देखभालीतला प्रत्येक नियम पाठ न करताही समजतो.

गाडी विकत घेताना सर्वांत आधी हेच विचारावे की ऑइल इंजिनात कुठून येते. ब्लास्टर कारखान्यातून ऑइल पंपासह येत असे. आपल्याकडच्या आरएक्स १०० प्रमाणे तिला ऑइलची वेगळी टाकी असे आणि पंप थ्रॉटलच्या प्रमाणात ऑइल सोडत असे. परंतु जुना पंप बंद पडला तर इंजिन जाईल या भीतीने पुष्कळ मालक तो काढून टाकतात, त्याच्या जागी झाकणपट्टी बसवतात आणि पूर्वी चेतक स्कूटरमध्ये टाकत त्याप्रमाणे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून गाडी चालवतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत. मात्र पंप काढलेल्या गाडीत नुसते पेट्रोल भरले तर पिस्टन काही मिनिटांत जाम होतो, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबून न राहता टाकीपासून पंपापर्यंतची नळी आणि पंप जागेवर आहे की नाही, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. पंप असेल तर ऑइलची टाकी कधीही पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, कारण नळीत हवा शिरली की नुसती टाकी भरून भागत नाही, ती हवा काढावी लागते.

ऑइल मिसळून चालवायचे ठरवले तर प्रमाण एकदा निश्चित करावे आणि ते पुन्हा पुन्हा बदलू नये. ३२ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल हे प्रमाण बरेच जण वापरतात. त्यात लिटरमागे सुमारे ३१ मिलिलिटर आणि अमेरिकी गॅलनमागे सुमारे ११८ मिलिलिटर ऑइल लागते. जास्त ऑइल टाकले की इंजिन अधिक सुरक्षित राहते हा समज पूर्णपणे खरा नाही. जेटच्या त्याच छिद्रातून ऑइल जास्त गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते आणि मिश्रण किंचित लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. म्हणून आधी प्रमाण ठरवावे आणि मग त्यानुसार जेट बसवावा. ऑइल घेताना डब्यावर जासो या जपानी मानकाची एफसी किंवा एफडी ही श्रेणी पाहावी. मिशिगनमध्ये बोटी पुष्कळ असल्याने टीसी-डब्ल्यू३ असे लिहिलेले ऑइल प्रत्येक दुकानात स्वस्तात मिळते, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या इंजिनांसाठी बनवलेले असते आणि हवेने थंड होणाऱ्या, त्याहून तापणाऱ्या इंजिनाला ते योग्य नाही. गिअरबॉक्स आणि क्लच यांचे ऑइल पूर्णपणे वेगळे असते, हेही नवख्याला सांगावे लागते. तिथे ओल्या, म्हणजे ऑइलात बुडून चालणाऱ्या, क्लचसाठी असलेले, जासो एमए श्रेणीचे ऑइल वापरावे.

जेटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात जी इंजिने गेली त्यांतली बहुतेक लीन मिश्रणामुळे गेली. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पायलट जेट, मधल्या टप्प्यात निडल (कार्बोरेटरमधली सुई) आणि पूर्ण उघडा असताना मेन जेट मुख्यतः काम करतो. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त असतो, म्हणून तिला पेट्रोलही जास्त लागते. उंचीवर हवा विरळ असते, म्हणून तिथे लहान जेट बसवतात. मिशिगन सरोवराचा काठ समुद्रसपाटीपासून जेमतेम १७६ मीटर उंचीवर आहे. कोलोरॅडोच्या डोंगरात चालवलेली गाडी कोणी तशीच इथे आणून विकली, तर तिच्यातला लहान जेट इथल्या दाट हवेला पुरत नाही. गाडी सुरू होते, उत्तम पळते, किंबहुना नेहमीपेक्षा तरतरीत वाटते आणि लांब सरळ पट्ट्यावर पूर्ण थ्रॉटलने नेली की पिस्टन वितळतो. जुन्या गाडीबद्दल ती आधी कुठे चालवली जात होती हे विचारावे आणि पहिल्या फेरीआधी कार्बोरेटर उघडून जेटवरचा आकडा वाचून घ्यावा. एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या सकाळी बरोबर असलेला जेट जुलैच्या दुपारी थोडा मोठा ठरतो, त्याने फार तर स्पार्क प्लग काळा होतो. उलट जुलैत अगदी नेमका बसवलेला जेट थंडीत लीन ठरतो. शंका असेल तेव्हा एक आकडा मोठा जेट ठेवावा.

प्लगचा रंग वाचायला शिकणे हे या गाडीवरचे पहिले शिक्षण आहे. प्लगच्या टोकाशी असलेल्या पोर्सेलिनचा रंग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे, पांढराफटक असेल तर लीन आहे आणि काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त आहे. मात्र हा रंग ताज्या प्लगवर, थोडे अंतर पूर्ण थ्रॉटलने जाऊन, क्लच दाबून, तिथेच इंजिन बंद करून पाहावा. रेंगाळत परत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त रेंगाळण्याची हकीकत सांगतो.

जेट बरोबर असूनही मिश्रण लीन होते, तेव्हा बाहेरून हवा शिरत असते. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तडकतो, सिलिंडरच्या पायाचे गॅस्केट सुटते किंवा क्रँकचे सील झिजते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग पटकन खाली येत नसेल, तर ते याचे ठळक लक्षण समजावे आणि गाडी तिथेच थांबवावी. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्समधले ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते, पांढरा धूर येऊ लागतो आणि गिअरबॉक्सची पातळी कुठेही गळती न दिसता उतरते. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या, बाजूचे सील गेले तर धूर दिसत नाही, नुसती हवा शिरते, आणि म्हणून ते अधिक घातक आहे. जुनी गाडी घेतल्यावर इंजिनाची तोंडे बंद करून त्यात सुमारे ६ पीएसआय दाब भरावा आणि तो काही मिनिटे टिकतो का, हे पाहावे. ही चाचणी मी प्रत्येकाला आग्रहाने करायला लावतो. तिला लागणारी साधने घरी बनवता येतात आणि एका पिस्टनच्या किमतीपुढे त्यांचा खर्च काहीच नाही. त्याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, हेही मोजावे. निरोगी ब्लास्टर १२० पीएसआयच्या आसपास दाखवते. आकडा १०० च्या खाली गेला असेल तर बोअर-पिस्टनचे काम (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन बसवणे) जवळ आले आहे असे समजून किमतीची घासाघीस करावी.

वाळूत एअर फिल्टर प्रत्येक फेरीनंतर पाहावा लागतो. तो फोमचा असतो. पेट्रोलने धुतल्यास फोमचे जोड सुटतात आणि आगीचा धोकाही असतो, त्याऐवजी फिल्टरसाठीचा क्लीनर वापरावा, मग तो पूर्ण वाळवून त्याला फिल्टरचे चिकट ऑइल सगळीकडे लावावे आणि कडेला ग्रीसची पातळ रेघ द्यावी. चेन, ब्रेक आणि चाकांची बेअरिंगे यांची काळजी मोटारसायकलसारखीच घ्यायची असल्याने त्यावर वेगळे लिहीत नाही. टायरमधल्या हवेबद्दल मात्र सांगायला हवे. या टायरमध्ये साधारण ४ पीएसआय एवढीच हवा असते आणि मोटारीच्या गेजवर ती वाचता येत नाही, म्हणून कमी दाबाचे वेगळे गेज घ्यावे. दोन्ही बाजूंच्या हवेत एका पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

इंजिन थंड असताना कधीही जोरात नेऊ नये. ॲल्युमिनियमचा पिस्टन आधी तापून फुगतो, सिलिंडरचा बिडाचा स्लीव्ह (आतले अस्तर) मागाहून तापतो आणि त्या मधल्या काळात पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन चारी बाजूंनी घासून अडकतो. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये उतरणे ही फोर-स्ट्रोकवर लागलेली सवय टू-स्ट्रोकवर सोडावी लागते, कारण इंजिन वेगाने फिरत असते आणि इंधनाबरोबर येणारे ऑइल जवळजवळ थांबलेले असते. अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्यावा आणि वेग ब्रेकने आवरावा.

मोटारसायकल चालवलेल्या आपल्या मंडळींना क्वाडवर काही सवयी मुद्दाम मोडाव्या लागतात. थ्रॉटल मूठ पिळून नव्हे, तर उजव्या अंगठ्याने द्यायचा असतो. गाडी वळणात झुकत नाही, आपल्यालाच शरीर आतल्या बाजूला न्यावे लागते. मागचा आस अखंड असल्याने दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि वजन योग्य जागी नेले नाही तर गाडी वळण्याऐवजी सरळ ढकलली जाते. चढावर पुढे, उतारावर मागे सरकावे आणि टेकडीच्या कुशीतून आडवे जाणे सुरुवातीला टाळावेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोल जातोय असे वाटले तरी पाय जमिनीला टेकवू नये, कारण मागचे चाक त्यावरून जाते आणि पाऊल मोडते. घोट्याच्या वर येणारे बूट, हेल्मेट आणि गॉगल यांना पर्याय नाही. मागे कोणाला बसवू नये, मुलांना तर मुळीच नाही. उत्पादकांनी १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी केलेल्या करारात तीनचाकी गाड्यांची विक्री थांबवली गेली आणि ९० सीसीच्या वरची क्वाड १६ वर्षांखालील मुलांसाठी नाही हे मान्य केले गेले, त्यामागे फार अपघात होते.

यामाहाने या गाडीत टॉर्स नावाची सोय ठेवली आहे. अंगठा सोडूनही कार्बोरेटर उघडाच राहिला, तर ती ठिणगी रोखते. केबल नीट ताणलेली नसेल तर हीच सोय इंजिनाला अडखळायला लावते आणि म्हणून अनेक जण ती काढून टाकतात. केबल जुळवून घेतली की अडखळणे थांबते, तेव्हा ती काढण्याचे कारण उरत नाही. फार तापलेले टू-स्ट्रोक इंजिन मात्र ठिणगी बंद करूनही चालत राहू शकते. अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा.

हिवाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषते आणि पुढे पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. मिसळलेले ऑइल त्या पाण्याबरोबर जात नाही, त्यामुळे तळातून ओढला जाणारा पहिला घोट इंजिनाला कोरडाच मिळतो. म्हणून ऑक्टोबर संपताना टाकी आणि कार्बोरेटरचा फ्लोट बाऊल (त्यातली पेट्रोलची वाटी) पूर्ण रिकामा करावा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, किक हळूहळू फिरवून ते पसरवावे आणि धूर निघण्याच्या तोंडाला कापडाचा बोळा लावावा, नाहीतर उंदीर आत घर करतात. एप्रिलमध्ये बोळा काढून, ताजे मिश्रण भरून, प्लग बाहेर ठेवूनच आधी काही किका माराव्यात, म्हणजे साठलेले ऑइल बाहेर पडते, आणि मग नवा प्लग लावून इंजिन सुरू करावे.