असाइनमेंटसाठी एआयची मदत कशी घ्यावी

गोव्यातील ख्रिस्ती महाविद्यालयांत एआय आता विद्यार्थ्यांच्या मोबाइलमध्येच असते. त्यामुळे त्याची मदत घ्यावी की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा ती केव्हा आणि कुठवर घ्यावी, हे ठरवलेले बरे. मराठीच्या आयएसएसाठी, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत मूल्यमापनासाठी, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध काव्य ‘ख्रिस्तपुराण’ हा विषय मिळाला आहे, असे धरून चालू.

आधी त्या विषयाच्या शिक्षकांना विचारून घ्यावे. एक शिक्षक मुद्दे काढण्यापुरती मुभा देतात, दुसरे मुळीच देत नाहीत. वर्गमित्राकडून ऐकलेल्यावर विसंबू नये.

एआय उघडण्यापूर्वी मूळ ग्रंथ उघडावा. निदान एक प्रसंग स्वतः वाचून, अडलेले शब्द वहीत टिपून, आपल्याला काय म्हणायचे आहे ते चार-पाच ओळींत, मोडकेतोडके का होईना, लिहून काढावे. व्हॅटिकनने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एत नोव्हा’ या एआयविषयीच्या निवेदनातही, विद्यार्थ्याला स्वतः उत्तरापर्यंत पोहोचू देण्याऐवजी तयार उत्तर हाती ठेवणाऱ्या साधनांविषयी चिंता व्यक्त झाली आहे. म्हणून ‘निबंध लिहून दे’ असे न सांगता, आपली मांडणी पुढे ठेवून ‘यावर कोणता आक्षेप घेता येईल?’ असे विचारावे.

खरी मेहनत पडताळणीत आहे. एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात फादर थॉमस स्टीफन्स यांची म्हणून एक ओवी होती, अध्याय आणि क्रमांकासह. पहिल्या तीन चरणांत यमक, चौथा आखूड. घडण इतकी बेतशीर, की मीही क्षणभर फसलो. छापील प्रत काढून तो क्रमांक पाहिला, तर तिथे भलतीच ओवी निघाली. पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधत एआय मजकूर रचते; त्यामुळे ओवीचा साचा त्याला साधतो, पण ती ओवी ग्रंथात असेलच असे नाही. हा ग्रंथ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला, एवढी साधी माहितीसुद्धा एखाद्या विश्वसनीय छापील आवृत्तीच्या प्रस्तावनेवरून ताडून घ्यावी. जे अवतरण मूळ ग्रंथात सापडत नाही, ते कितीही सुंदर असले तरी काढून टाकावे.

गावातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर त्यांची नावे, घरगुती हकिकती किंवा चर्चच्या नोंदवहीतला तपशील एआयमध्ये टाकू नये. त्यांनी तो तुम्हाला सांगितलेला असतो, एआयला नव्हे.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून काही जण निर्धास्त राहतात. ते सॉफ्टवेअर आधीच उपलब्ध असलेल्या मजकुराशी जुळणी करते. एआयने नव्याने रचलेला परिच्छेद त्यातून सहज सुटू शकतो, पण तेवढ्याने तो तुमचा ठरत नाही.

शेवटच्या पानावर आपण कोणती मदत घेतली ते स्पष्ट लिहावे. ‘एआयची मदत घेतली’ एवढे मोघम पुरत नाही. उदाहरणार्थ: ‘मुद्द्यांचा क्रम ठरवण्यासाठी आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी एआय वापरले, ओव्यांची निवड व अर्थ माझा असून सर्व अवतरणे छापील प्रतीवरून घेतली आहेत.’ सोबत त्या संवादाची प्रत आणि आपला पहिला, खाडाखोडीचा कागद जपून ठेवावा; तोंडी परीक्षेत शिक्षकांनी शंका काढली, तर तोच पुढे ठेवता येतो.