कैफियतीतला कागद आधी बघून घ्या

कैफियतीत (दाव्याला प्रतिवादीनं दिलेल्या लेखी उत्तरात) जुन्या इसारपावतीचा (जागेच्या सौद्याची आगाऊ रक्कम दिल्याच्या कागदाचा) दाखला असतो, पण कागद कुणी दाखवत नाही. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात जागेचा दावा असेल तर नुसत्या तारखा घेत बसू नका.

वकिलामार्फत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११, नियम १५ खाली लेखी नोटीस द्या: अमुक कागद बघायचा आहे, नक्कल हवी. पण मुद्दे निघायच्या (कोर्टानं वादाचे प्रश्न ठरवायच्या) आत! पोच जपून ठेवा. १० दिवसांत समोरच्या पक्षानं तपासणीची वेळ कळवायची असते. टाळाटाळ केली तर कागद दाखवण्याच्या हुकमासाठी कोर्टात नियम १८ खाली अर्ज. शिवाय सबळ कारणाशिवाय तो कागद त्यांना पुढे पुराव्यात वापरता येत नाही.

बघताना स्टॅम्पची तारीख, स्टॅम्प विक्रेत्याचा शिक्का आणि मागची बाजू (तिथेच खरी गंमत असते) नीट पाहा. मूळ कागदावर पेन मात्र टेकवू नका.