नव्या क्वार्टरबॅकने छोट्या पासचा सराव कसा करावा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबरच फ्लॅग फुटबॉललाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. अमेरिकन फुटबॉलचा हा पाच-पाच खेळाडूंचा प्रकार असून त्यात प्रतिस्पर्ध्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढली जाते. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे सहकाऱ्यांकडे चेंडू फेकून चाल घडवणारा खेळाडू, होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी लांब पासचा मोह काही काळ बाजूला ठेवून पाच ते आठ यार्डांच्या पासवर मेहनत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाजी पार्कवर सकाळी क्रिकेटच्या गर्दीतून पन्नास यार्ड मोकळी जागा मिळणे जवळजवळ अशक्य असते, पण या सरावाला वीस यार्डही पुरतात.

छोटा पास म्हणजे दुबळ्या खांद्याची सोय, हा समज मात्र सोडावा. १९७० च्या सुमारास सिनसिनाटी बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघात प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी व्हर्जिल कार्टर या बेताच्या ताकदीच्या क्वार्टरबॅकसाठी अचूक, आखीव छोट्या पासची पद्धत बसवली हे खरे. परंतु पुढे तीच पद्धत घेऊन त्यांनी क्वार्टरबॅक जो मोंटाना यांच्यासह सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाला तीन सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक स्पर्धेचे अंतिम सामने, जिंकून दिले.

मुंबईतल्या मुलांचा हात क्रिकेटवर तयार झालेला असतो आणि तो उपयोगीच पडतो; अडचण एवढीच की सीमारेषेवरून चेंडू फेकताना हात मागे लांबवर जातो आणि त्यात वेळ जातो. क्वार्टरबॅकने पॉइंटवरून यष्ट्यांवर थेट फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकासारखी आटोपशीर फेक करावी. बोटे चेंडूच्या शिवणीवर असावीत, तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी पोकळी राहावी, आणि पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेने टाकून आधी कंबर व मग खांदा वळावा.

यानंतर वेळेचे गणित येते, आणि खरे शिकणे तिथेच आहे. हिच या ठरलेल्या धावमार्गात झेलणारा पाच-सहा यार्ड धावून थांबतो व मागे वळतो. तो वळण्याआधीच चेंडू हातातून सुटला पाहिजे, नाहीतर बचावपटूला पुढे झेपावण्यास अवधी मिळतो. स्लँटमध्ये तो तीन पावले सरळ जाऊन तिरका आत येतो. त्याला धाव न मोडता पुढे जाता यावे म्हणून चेंडू त्याच्या छातीच्या किंचित पुढे द्यावा. उंच गेलेला स्लँट हाताला लागून वर उडतो आणि बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो. कडेच्या रेषेकडे जाणारा आऊट सर्वांत शेवटी शिकावा, कारण त्यात उशीर झाला तर चेंडू अडवणाऱ्यासमोर सगळे मैदान मोकळे असते.

नजरेचा सराव स्लँट आणि फ्लॅट या जोडीवर करावा. बाहेरचा खेळाडू तिरका आत येतो, आतला खेळाडू कडेच्या रेषेकडे धावतो, आणि त्या दोघांच्या मध्ये एक बचावपटू सापडतो. क्वार्टरबॅकने पूर्णवेळ त्याच्याकडेच पाहावे: तो बाहेर सरकला तर स्लँट द्यावा, आत राहिला तर फ्लॅट. फ्लॅग फुटबॉलमध्ये सात यार्डांवरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा बचावपटू फार वेळ देत नाही. त्यामुळे सरावातही दोन सेकंदांच्या आत चेंडू सुटलाच पाहिजे, असा नियम घालून घ्यावा.

मैदानावर चौघे जमले तरी हे साधते. दोघे झेलणारे, एक फेकणारा, आणि चौथ्याने बचावपटू होऊन सुरुवातीच्या क्षणी मनाला येईल त्या बाजूला सरकावे. वहीत दोन रकाने ठेवावेत, एक योग्य निवडीचा आणि एक झेललेल्या चेंडूंचा. निवड बरोबर असून झेल सुटत असेल तर फेकीची जागा सुधारावी. झेल होत असूनही निवड चुकत असेल, तर मित्रांच्या चपळाईवर निभावते आहे, असे समजावे. (हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो सरावात कोणाला खुपत नाही.)

पावसाळ्यात चामड्याचा चेंडू पाणी धरून जड व निसरडा होतो, म्हणून जून ते सप्टेंबर रबरी चेंडू वापरावा, कमरेला कोरडा पंचा खोचावा आणि प्रत्येक फेकीपूर्वी हात पुसावा. चिखलात मोठे पाऊल घसरते. अशा दिवशी पावले आखूड टाकून फक्त हिच आणि फ्लॅटच खेळावेत.