आरव्हीच्या टाकीचा वास: माझा अनुभव

आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, वास संडासाच्या टाकीचाच वाटला, तरी आधी कमोडच्या भांड्यात पाणी टिकतंय का ते बघा. आमचं भांडं तासाभरात कोरडं पडायचं. तळाच्या झडपेभोवती रबरी सील असतं, त्याच्या खाचेत कागदाचा लगदा अडकला होता. जुन्या टूथब्रशने खाच साफ केली, सीलला सिलिकॉन ग्रीस लावलं. पाणी टिकायला लागलं आणि निम्मा वास तिथेच गेला.

उरलेला वास सवयीमुळे होता. कॅम्पग्राउंडवर सीवरची (सांडपाण्याची) नळी जोडलेली असली तरी संडासाच्या टाकीची निचऱ्याची झडप उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, मैला तळाशी सुकून ढीग होतो आणि मग कुठलंही औषध पुरत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, आणि लगेच १०-१५ लिटर पाणी आत घाला. इथे काटकसर अजिबात नको, ॲरिझोनासारख्या उन्हात तर नाहीच. ब्लीच टाळा, रबर खराब होतं.

फ्लश करताना छतावरचा पंखा बंद ठेवा. तो टाकीतली हवा वर ओढतो. सिंकमधून वास आला तर बहुधा ट्रॅप (सिंकखालचा पाणी साठवून वास अडवणारा वाकडा पाइप) सुकलेला असतो, दोन पेले पाणी ओता.