सबटायटल दिसत नाहीत? आधी फाइलचं नाव बघा

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड कानावर पडतं. त्यामुळे शेजाऱ्याने सुचवलेला तेलुगू लघुपट आपण डाउनलोड करतो आणि पहिल्याच संवादाला अडतो, कारण खाली सबटायटलच नाहीत. पुढची कृती व्हीएलसी प्लेअरची आहे. तो फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो.

व्हिडिओ सुरू करून वरच्या 'सबटायटल' मेन्यूत 'सब ट्रॅक' उघडा. एमकेव्ही (व्हिडिओचा एक फाइल-प्रकार) फाइलच्या पोटातच बऱ्याचदा दोन-तीन भाषांची सबटायटल असतात आणि तिथे 'डिसेबल'वर खूण असते. हवी ती भाषा निवडली की काम झालं. कीबोर्डवरचं 'व्ही' दाबूनही भाषा बदलते.

'सब ट्रॅक' फिकट दिसत असेल, तर आत काही नाही. वेगळी एसआरटी फाइल, म्हणजे संवाद आणि त्यांच्या वेळा लिहिलेली साधी मजकूर फाइल लागणार. मग असं करा:

१. फाइल झिपमध्ये आली असेल तर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' करून बाहेर काढा. झिप नुसती उघडून ठेवली तर प्लेअरला ती सापडत नाही.
२. ती व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवा.
३. दोन्हींची नावं तंतोतंत सारखी करा: 'लघुपट.एमपी४' आणि 'लघुपट.एसआरटी'.
४. व्हिडिओ बंद करून पुन्हा लावा.

घाई असेल तर नाव बदलण्याच्या भानगडीत न पडता 'सबटायटल' मेन्यूतून 'अ‍ॅड सबटायटल फाइल' करा, किंवा फाइल माउसने ओढून चालू व्हिडिओवर सोडा.

नाव सारखं असूनही चालत नसेल तर बहुतेक वेळा ती 'लघुपट.एसआरटी.टीएक्सटी' झालेली असते, आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू', मग 'शो' मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा आणि जादा शेपूट काढून टाका.

अक्षरं बिघडलेली दिसली, तर नेमकी कशी बिघडली ते नीट बघा, कारण त्यावरच उपाय ठरतो. चौकोनी डबे दिसले तर फॉन्टची अडचण. कंट्रोल आणि 'पी' दाबून 'सबटायटल्स / ओएसडी' मध्ये 'निर्मला यूआय' निवडा. विंडोजच्या या एका फॉन्टमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड तिन्ही लिप्या आहेत. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र खुणा आल्या तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, चुकलंय. त्याच पानावर 'डीफॉल्ट एन्कोडिंग' यूटीएफ-८ करा, सेव्ह करा, व्हिडिओ पुन्हा लावा. नुसती प्रश्नचिन्हं असतील आणि नोटपॅडमध्येही तीच दिसत असतील, तर मूळ अक्षरं कधीच गेलीत. कुणीतरी फाइल एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली असते. तिथे डोकं लावू नका, फाइल नव्याने मिळवा.

स्वतः मराठी सबटायटल लिहिणार असाल तर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करू नका, युनिकोडच हवं. सेव्ह करताना नोटपॅडमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. वेळेची ओळ '००:०१:१५,२००' अशा साच्यात असते. मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम, आणि प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे इंग्रजी. देवनागरी आकडे टाकले की प्लेअर ती ओळ ओळखत नाही.

आता संवाद पुढे-मागे होण्याचं. 'जी' दाबलं की सबटायटल ५० मिलिसेकंद लवकर येतं, 'एच' दाबलं की तेवढंच उशिरा. म्हणजे एका सेकंदासाठी २० वेळा बटण दाबायचं. फरक मोठा असेल तर 'टूल्स'मधल्या 'ट्रॅक सिंक्रोनायझेशन'मध्ये सरळ सेकंद टाका. लवकर हवं तर उणे.

सुरुवातीला बरोबर आणि पुढे वाढत जाणारा फरक मात्र या बटणांनी सुटत नाही. तिथे सबटायटल वेगळ्या फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा आकडा) प्रतीसाठी बनलेलं असतं. २३.९७६ आणि २५ यांच्या गोंधळात दोन तासांच्या पिक्चरला शेवटी जवळपास पाच मिनिटांची तफावत पडते. 'सबटायटल एडिट' या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, 'सिंक्रोनायझेशन' मेन्यूतून 'चेंज फ्रेम रेट' करा आणि सेव्ह करा.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून घरच्यांसोबत बघायचं असेल, तर साधी पुढे-मागे दुरुस्तीसुद्धा याच प्रोग्रॅममध्ये करून घ्या. व्हीएलसीत केलेला बदल व्हीएलसीपुरताच असतो, टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो.