डिपॉझिटचा चेक ‘री-प्रेझेंट करा’ म्हणजे नेमकं काय करा

गावाकडून घणसोली-कोपरखैरण्यात राहायला येणाऱ्यांनो, लोकलची धास्ती घेऊ नका. ठाण्याहून वाशीची धरा की पनवेलची, दोन्हीकडे थांबतेच. मेसचं ज्याचं त्यानं बघावं. मला सांगायचंय ते चेकबद्दल.

मी उदगीरचा. पहिली खोली सोडली तेव्हा मालकानं डिपॉझिटचे चाळीस हजार चेकनं परत दिले. चेक बाउन्स झाला, शेरा ‘फंड्स इन्सफिशियंट’, म्हणजे मालकाच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत. बँकेच्या काउंटरवरच्या बाईंनी मेमोच्या, म्हणजे चेक परतल्याच्या चिठ्ठीच्या, कोपऱ्यात पेनानं इंग्रजीत एकच शब्द लिहून दिला, ‘re-present’, तोही मधली आडवी रेघ गाळून. मी तो ‘रेप्रिझेंट’ असा वाचला. वडील जिल्हा परिषदेत. आमच्या घरात रिप्रेझेंटेशन म्हणजे निवेदन! बसलो की लिहायला. ‘मा. शाखा व्यवस्थापक यांस’, दीड पान. पोच घेतली, शिक्का घेतला आणि उत्तराची वाट बघत राहिलो. तिकडे चेकचे तीन महिने उलटले. मालक फोन उचलेना. चाळीस हजार गेले.

रेघ असेल तर ‘री’ लांबवून म्हणायचा: तोच चेक पुन्हा बँकेत भरायचा. रेघ नसेल तर कुणाच्या वतीनं उभं राहणं, वकील अशिलासाठी राहतो तसं. पण घाईत रेघ कोण घालतंय? म्हणून पुढचा शब्द बघा. चेक, बिल, हुंडी असली की ‘पुन्हा सादर करा’ हाच अर्थ.

चेकची मुदत तारखेपासून तीन महिने. 2012च्या एप्रिलपूर्वी सहा होते. मुदतीत कायद्यानं तो पुन्हा भरता येतो, आणि दुसऱ्यांदा परतला तरी चेक बाउन्सच्या कलम 138 खाली केस होते, हे सुप्रीम कोर्टानं 2012 मध्येच स्पष्ट केलंय. मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला मालकाला 15 दिवस. हे आकडे पाठच करा.

आपली माणसं काउंटरवर ‘म्हणजे काय हो?’ विचारायला लाजतात आणि मालकाच्या ‘पुढच्या आठवड्यात टाक’वर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतात. ते त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. चेक परतला की बहुतेक बँका भरणाऱ्याचेही पैसे कापतात, तेव्हा मालकाच्या खात्यात रक्कम आली का ते विचारूनच पुन्हा भरा. आणि शेरा ‘सही जुळत नाही’ असा असेल तर पुन्हा भरून उपयोग नाही, नवाच चेक मागा.